मदत हवी आहे : वडिलांच्या गरम ओट्सला पथ्य सांभाळून चव कशी आणावी?

तुळशीकट्टा
माझ्या वडिलांचे वय 71 आहे. कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी ओट्स खायला सांगितले आहेत, परंतु गेले तीन आठवडे ते दोन चमचे खाऊन वाडगा बाजूला सरकवतात. मी मध घालून पाहिला, केळे घातले, बदाम-बेदाणे घातले, तरी हे आजाऱ्याचे खाणे आहे असेच ते म्हणतात. साखर आणि तूप न वाढवता चव आणण्याचा खात्रीचा उपाय सांगावा. उद्या सकाळीच करायचे आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे.

रानवारा
ओट्स कोणते वापरता, ते दुधात शिजवता की पाण्यात, आणि वडिलांना मधुमेह आहे का, हे कळल्याशिवाय सल्ला देणे कठीण आहे. झटपट होणाऱ्या बारीक ओट्सचा लगेच लगदा होतो. जाड पोह्यांसारखे दिसणारे रोल्ड ओट्स पाच-सात मिनिटांत शिजतात आणि थोडे दाताखाली लागतात.

उसाचा_मळा
मधाऐवजी चांगला सेंद्रिय गूळ घाला. आमच्याकडे कोल्हापुरात सकाळचे काहीही गुळाशिवाय होत नाही आणि आमचे आजोबा शेवटपर्यंत ठणठणीत होते.

जिरेहिंग
गुळाविषयी मी सहमत नाही. त्यात थोडी खनिजे असली तरी तो मुख्यतः साखरच असतो, आणि मधाचेही तेच आहे. गोडवा हवाच असेल तर दोन खजूर बारीक चिरून ओट्सबरोबर शिजवावेत किंवा सफरचंद सालासकट किसून घालावे, आणि वर वेलची-जायफळाची पूड भुरभुरावी, म्हणजे वासानेच ते अधिक गोड वाटते. दालचिनी रोज घालणार असाल तर पातळ सालीची, सिलोनची घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन हे नैसर्गिक सुवासिक द्रव्य अधिक असते आणि ते रोज जास्त प्रमाणात पोटात जाणे यकृताला चांगले नाही.

उसाचा_मळा
पिढ्यान्‌पिढ्या लोक गूळ खात आले आहेत, त्यांना काही झाले नाही.

जिरेहिंग
ते दिवसभर शेतात राबत होते. इथे प्रश्न 71 वर्षांच्या, कोलेस्टेरॉल वाढलेल्या गृहस्थांचा आहे.

डोंगरवाट
मुळात ओट्स हवेतच कशाला? नाचणीची आंबील द्यावी. नाचणीत 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि ती आपल्याच मातीतली आहे.

रानवारा
नाचणी उत्तमच आहे, पण येथे डॉक्टरांचा हेतू वेगळा असावा. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो; दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकनाच्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्ये तसा दावा वेष्टनावर छापण्यास परवानगी दिली. 40 ग्रॅम ओट्समधून त्याच्या सुमारे निम्मे मिळते. ओट्सना येणारा चिकटपणाही याच तंतूमुळे असतो.

पावसाळी
ओट्स हवाबंद डब्यात ठेवावेत, नाहीतर त्यांना खवट वास येतो. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी भेसळ नसलेले ओट्स पाहून घ्यावेत.

तुळशीकट्टा
साठवणीचा किंवा गव्हाचा काही प्रश्न नाही. मधुमेह नाही, पण साखर सीमेवर आहे. ओट्स जाडच आहेत आणि मी ते दुधात शिजवते. मध्ये आठवडाभर पाकिटातले मसाला ओट्स दिले होते, ते मात्र त्यांनी पूर्ण खाल्ले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यामुळे मीच ते बंद केले.

जिरेहिंग
ताई, रक्तदाबाचे आधी सांगायला हवे होते, कारण मग मिठाचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, आणि अशा एका पाकिटातच त्याचा मोठा वाटा असू शकतो.

डोंगरवाट
मग कमी सोडियमचे मीठ वापरा, प्रश्न मिटला.

जिरेहिंग
कृपया असे परस्पर सुचवू नये. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यास रक्तातले पोटॅशियम आधीच वाढलेले असू शकते. डॉक्टरांना विचारूनच ते आणावे.

रानवारा
मसाला ओट्स त्यांनी संपवले, यातच उत्तर आहे. त्यांना सकाळी गोड नको असावे. पूर्वी ते न्याहारीला काय खात असत?

तुळशीकट्टा
उपमा, भाकरी, आणि आई होती तेव्हा दर शनिवारी ताकातली उकड. आई गेल्यापासून ती आमच्या घरी झालेलीच नाही.

रानवारा
मग तशीच ओट्सची करा. 40 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा कप ओट्स कोरड्या कढईत तीन-चार मिनिटे खमंग भाजून बाजूला काढावेत, त्यामुळे चिकटपणा कमी होतो. त्याच कढईत लहान चमचाभर तेलात जिरे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, आले आणि एक हिरवी मिरची परतून दीड कप पाणी घालावे, उकळी आली की ओट्स आणि बारीक किसलेला दुधी सोडावा आणि फार न ढवळता शिजू द्यावे. गॅस बंद करून दोन मिनिटांनी पाऊण वाटी आंबट ताक मिसळावे. उकळत्यात घातले तर ते फाटते. मीठ शिजताना न घालता शेवटी फक्त चिमूटभर वरून घालावे, म्हणजे ते जिभेला आधी लागते, आणि ताकाच्या आंबटपणामुळे थोडे मीठही पुरते. वर जवसाची भाजून केलेली पूड घालावी, मात्र तयार चटणी नको, तिच्यात मीठ असते.

तुळशीकट्टा
आज सकाळी तसेच केले, फक्त दुधी नव्हता म्हणून पालक चिरून घातला. वाडगा पुढे ठेवल्यावर त्यांनी आधी वास घेतला आणि उकड का, असे विचारले. ओट्स आहेत हे सांगितल्यावरही त्यांनी पूर्ण वाडगा संपवला. हिंग कमी पडला, तुझी आई जास्त घालत असे, असे म्हणाले. उद्या हिंग वाढवते, आणि कमी सोडियमच्या मिठाबद्दल पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारते.