सेपांग ट्रॅक डे: इंदूरहून पाच जण, गाड्या भाड्याच्या. तयारी कशी करावी?

सुपरकॉरिडॉर_390 (इंदूर)
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण मलेशियातल्या सेपांगला दोन दिवसांच्या ट्रॅक डेला (रेसच्या सर्किटवर, स्पर्धा नसताना, मोटारसायकल चालवायला) जायचं ठरवतोय. इथे आमच्याकडे 300 ते 650 सीसीच्या गाड्या आहेत, सिमरोल घाट पाठ आहे, पण सर्किटवर कुणीच चालवलेली नाही. आयोजक 600 सीसीची गाडी, पेट्रोल, टायर, मेकॅनिक सगळं देतो म्हणतोय. भाड्याच्या करारात काय बघायचं? सामान कसं न्यायचं? आणि आधी पीथमपूरला नॅट्रॅक्सवर (गाड्यांच्या चाचणीचं केंद्र) सराव होईल का?

मांडवी_ट्विन (वडोदरा)
करार आधी. ट्रॅकवरच्या भाड्याच्या गाडीला सहसा विमा नसतो. डिपॉझिट घेतात आणि गाडी पडली की एकेका भागाचे पैसे लावतात. लिव्हर, फूटपेग (पाय ठेवायची दांडी), क्लिपऑन (हँडलचे दोन सुटे भाग), फेअरिंग (बाहेरचं आवरण), टाकी, फोर्क (पुढचे शॉकअप) यांचं दरपत्रक पैसे भरण्याआधी लेखी मागवा. नुकसानभरपाईची कमाल मर्यादा करारात लिहिलेली हवी, नाहीतर फ्रेम वाकली म्हणून पूर्ण गाडीची किंमत मागता येते. मागून दुसऱ्याने ठोकलं तरी आपल्या गाडीचं आपणच भरायचं, हा सर्वसाधारण नियम आहे. इंजिन कव्हर फुटून तेल सांडलं तर ट्रॅक साफ करण्याचा खर्च कुणाचा, तेही विचारून घ्या. गाडी ताब्यात घेताना दोन्ही बाजूंचे, इंजिन कव्हरचे आणि लिव्हरच्या टोकांचे फोटो काढायचे.

आता तुमचा विमा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत रेसिंग आणि धोकादायक खेळ वगळलेले असतात. ट्रॅक डे म्हणजे रेस नाही हे आपण म्हणतो, कंपनी म्हणेलच असं नाही. 'बंद सर्किटवर, स्पर्धा नसताना, मोटारसायकल चालवताना झालेली इजा आणि तिथून भारतात हलवण्याचा खर्च मिळेल का?' असं ईमेलने विचारा आणि उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. एजंटच्या तोंडी होकारावर जाऊ नका.

कागदपत्रांचं फारसं काही नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 30 दिवस व्हिसा लागत नाही. ही सवलत 2026 अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे, तिकीट काढताना पुन्हा एकदा तपासा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट आहे. हॉटेल ते सर्किट दुचाकीने फिरणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, फॉर्म 4ए. टॅक्सीने जाणार असाल तर ही भानगड नको.

लष्कर_गॅरेज (ग्वाल्हेर)
600 घेऊ नका. माझं स्पष्ट मत आहे. सेपांग 5.543 किलोमीटरचं आहे, 15 वळणं, दोन लांबलचक सरळ पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी जोरदार ब्रेकिंग. चार सिलिंडरची 600 तिथे सहज ताशी 200 किलोमीटरच्या वर जाते आणि नवा माणूस सगळं लक्ष वेग कमी करण्यातच घालवतो. वळण शिकायचं राहूनच जातं. 250 ते 400 सीसीची गाडी मिळते का बघा. नाहीच मिळाली तर 600 ला पावसाचा मोड लावून पहिला दिवस काढा.

ब्रेकबद्दल नीट ऐका. घाटात आपण ब्रेक थोडा थोडा, पुष्कळ वेळ धरतो. ट्रॅकवर उलट: लिव्हरवर आधी हलका दाब देऊन पुढचा टायर जमिनीवर बसू द्यायचा, मग जोर वाढवायचा आणि गाडी झुकेल तसा सोडत जायचं. पहिल्याच क्षणी लिव्हर आवळला तर वजन पुढे यायच्या आत चाक लॉक होतं. दुसरी गोष्ट ब्रेक ऑइल. डॉट 4 चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश असतो, ओलावा शोषल्यावर 155 पर्यंत उतरू शकतो. म्हणून 'ऑइल कधी बदललं?' हे आयोजकाला विचाराच. चौथ्या-पाचव्या लॅपला (फेरीला) लिव्हर मऊ लागून हँडलच्या दिशेने येऊ लागला तर ऑइल उकळतंय. हात वर करून पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायची जागा) या, पंप मारत लॅप पूर्ण करू नका.

सेपांगला 10 वळणं उजवी आणि 5 डावी. त्यामुळे टायरची डावी बाजू उशिरा गरम होते. पिटमधून बाहेर पडल्यावर दुसरं, पाचवं, नववं ही डावी वळणं पहिल्या दोन लॅपला सांभाळून घ्या. चौदावं उजवं आहे, तिथे गाडी झुकलेली असतानाच वेग कमी करावा लागतो. नवे लोक तिथे हमखास पुढचा टायर गमावतात. वळणाच्या अलीकडेच, गाडी सरळ असताना, ब्रेक उरकून घ्या.

सुपरकॉरिडॉर_390 (इंदूर)
फार उपयोगी, धन्यवाद भाऊ. टायरमध्ये हवा किती ठेवायची?

लष्कर_गॅरेज (ग्वाल्हेर)
मोठ्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा पुढे 36, मागे 42 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असतं. ते रस्त्यासाठी, दोन माणसं आणि सामान धरून. ट्रॅकवर रस्त्याचे स्पोर्ट टायर असतील तर थंड असताना पुढे 30-31, मागे 28-30 पीएसआयपासून सुरुवात करा. गरम झाल्यावर चार-पाच पीएसआय वाढतात. पिटमध्ये आल्या आल्या मोजायचं, दहा मिनिटांनी मोजलं तर त्या आकड्याला अर्थ नाही. स्लिक टायरचा (खाचा नसलेला रेसचा टायर) हिशेब वेगळा, तो तिथल्या मेकॅनिकवर सोडा.

महूनाका_रायडर (इंदूर)
सामानाचं सांगतो. वन-पीस लेदर सूट साधारण साडेचार-पाच किलो, बूट दोन-अडीच, हेल्मेट दीड, वर ग्लोव्ह्ज आणि बॅक प्रोटेक्टर. दहा किलो इथेच गेले. इंदूरहून मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या शहरात विमान बदलून जावं लागतं. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) काढा. वेगळी काढलीत तर देशांतर्गत विमानाची 15 किलोची मर्यादा लागते, बॅग मुंबईत उतरवून पुन्हा द्यावी लागते, आणि टर्मिनल 1 ते 2 जायला टॅक्सी. हेल्मेट केबिनमध्येच न्या.

एअरबॅग व्हेस्ट असेल तर त्यातल्या गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची मंजुरी आधी ईमेलने मागवा आणि प्रिंट सुरक्षा तपासणीत दाखवा. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेतच.

नॅट्रॅक्सचं उत्तर: तिथे सराव नाही. तो 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक कंपन्यांच्या गाड्या तपासायला बांधलाय, ओव्हल आहे. परवानगी मिळाली तरी तिथे ना ब्रेकिंग पॉइंट (ब्रेक सुरू करायची जागा) शिकता येतात ना एपेक्स (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू). चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला 3.717 किलोमीटरचं सर्किट आहे. तिथल्या एखाद्या रायडिंग स्कूलचा पहिल्या पातळीचा कोर्स करा, त्यांचीच गाडी घेऊन. आपली गाडी नेलीत तर लक्षात ठेवा, भारतातल्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर बाहेर ठेवलेला असतो.

ट्रॅकवर इशाऱ्यासाठी दाखवतात ते झेंडेही तिथेच पाठ करा. पिवळा: ओव्हरटेक बंद. लाल: वेग कमी करून पिटमध्ये. लाल-पिवळे पट्टे: पुढे ट्रॅक निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर: तुमच्या गाडीत बिघाड आहे, लगेच ट्रॅकच्या बाहेर.

आणि उकाडा. सेपांगला दमटपणा इतका की सूटच्या आत घाम वाळतच नाही. ओआरएसची पाकिटं इंदूरहूनच न्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा, प्रत्येक सेशननंतर प्या. दुपारनंतर गडगडाटी पाऊस बऱ्याचदा येतो, म्हणून सकाळची सेशन्स सोडू नका. हाताच्या पंजात गोळे येऊ लागले किंवा ब्रेकिंग पॉइंट हुकायला लागला तर राहिलेलं सेशन सोडून द्या. पैसे भरलेत म्हणून ट्रॅकवर जाऊ नका.