घरी गाडीचा नवा एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाइप) बसवताना सांधे कोणत्या क्रमाने आवळावेत?

प्रश्न: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) मागचा पाइप आणि सायलेन्सर काढून स्टेनलेस स्टीलचा तयार संच घरीच बसवण्याचा विचार आहे, परंतु फ्लँजचे (पाइप जोडणाऱ्या चपट्या कड्यांचे) बोल्ट गंजून इतके धरले आहेत की पाना नुसता घसरतो. शिवाय नवे सांधे कोणत्या क्रमाने आवळावेत?

पहिले उत्तर: गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे आणि सहा कोनी सॉकेट वापरावे, कारण बारा कोनी सॉकेटने झिजलेली डोकी आणखी गोल होतात. गाडी केवळ जॅकवर असताना खाली शिरू नये, आधाराचे स्टँड लावायलाच हवेत.

दुसरे उत्तर: आधी सगळा संच सैल जोडून रबरी हँगरवर टांगावा, पाइप ब्रेकच्या नळ्यांना किंवा बंपरला टेकत नाही हे पाहावे आणि मगच पुढून मागे आवळत जावे. गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) नवेच घालावे. जुने वाचवण्यात काटकसर नाही.

तिसरे उत्तर: शेवटी, एक्झॉस्ट थंड असताना इंजिन मोकळ्या हवेत सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे; बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. ही तपासणी टाळू नये, कारण धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.