नट निघत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

काळी_टाकी: मंडळी, जुन्या गाडीचा एक नट अडकलाय. रॉकेल ओतून रात्रभर ठेवला, डब्ल्यूडी-४० मारून झालं, पान्याला पाइप लावून लोंबकळून झालं. ढिम्म हलत नाही. आता पाना घसरायला लागलाय. सोमवारी क्रँक (इंजिनातला मुख्य फिरणारा दांडा) लेथवाल्याकडे द्यायचाय. तारीख हुकली तर तो महिनाभर हात लावणार नाही. ज्याने खरंच काढलाय त्यानेच सांगा. 'विकून टाक' वगैरे सल्ले नकोत.

निवांत_पाटील: कोणती गाडी? कोणता नट?

खडखड्या: नट निघत नाही म्हणजे येझदीच्या सायलेन्सरचाच असणार. पाइप जिथे बोअरला (सिलिंडरला) लागतो तिथला खाचांचा गोल नट. आत कार्बन, बाहेर गंज, मग दगड होतो त्याचा. लोक तिथे छन्नी-हातोडा घेऊन बसतात आणि खाचा उडवतात. वर बोअरच्या आट्यांना तडा गेला तर बोअरच बदला. हुक पाना घ्यायचा, गाडी चालवून गरम करून आणायची आणि गरम असतानाच पाना लावायचा. जावा-येझदी दोन्हींना हेच.

काळी_टाकी: येझदी कुठून आली मध्येच? बुलेट आहे, ३५०. टायमिंग साइडचा, म्हणजे इंजिनच्या उजव्या बाजूचा नट.

उद्यमनगरी: भावा, एवढंच ना! चौथ्या गिअरला टाक, एकाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांग आणि दे झटका. आमच्या उद्यमनगरात पोरं अशीच काढतात.

काळी_टाकी: कसला गिअर? इंजिन टेबलावर आहे. हेड, बोअर, पिस्टन, क्लच, प्रायमरी चेन सगळं उतरवलंय. क्रँक काढायचाय म्हटल्यावर हे वेगळं सांगायला लागतं का?

उद्यमनगरी: लागतं. मग क्रँक धरलायस कशानं?

काळी_टाकी: मित्राने कनेक्टिंग रॉड धरलाय.

उद्यमनगरी: हातानं?? आधी त्या मित्राला घरी पाठव. लाकडाचे दोन चौकोनी ठोकळे क्रँककेसच्या तोंडावर दोन बाजूंना ठेव. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) रॉडच्या वरच्या भोकात घाल, तिची टोकं ठोकळ्यांवर टेकव. पान्याला जोर दिला की रॉड खाली बसतो आणि क्रँक अडतो. ठोकळ्यांखाली जाड कापड घाल, पॅकिंगच्या जागेवर ओरखडा आला तर तेल गळत बसेल.

जुना_कारागीर: हल्लीच्या मुलांना पाने माहीत नसतात. जुन्या बुलेटवर बरेच नट इंची मापाचे. मिलिमीटरचा पाना सैल बसतो, कडा गोल होतात, मग म्हणायचं नट खराब. पूर्ण बसणारा बॉक्स पाना घ्या. आणि डब्ल्यूडी-४० हे गंज सोडवायचं औषध नव्हे. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. डिझेल आणि थोडं गिअर ऑइल, झालं.

खडखड्या: कोका-कोला ओता. गंजावर जालीम.

जुना_कारागीर: इंजिनात साखरेचं पाणी? धन्य आहे.

निवांत_पाटील: मॉडेल कुठल्या सालचं? कागद चालू आहेत का? १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, नाहीतर इंजिन बांधून उपयोग काय.

काळी_टाकी: ८४ चं. कागद व्यवस्थित आहेत. नटाबद्दल बोला.

मुक्ता_ठाणे: टायमिंग साइड म्हणजे पिनियनच्या (लहान दातेरी चाकाच्या) पुढचा, ऑइल पंप फिरवणारा वर्म, पेचदार दात्यांचा नट ना? पाना कुठल्या दिशेने फिरवताय?

काळी_टाकी: सोडायच्या दिशेने. अजून कुठल्या?

मुक्ता_ठाणे: म्हणजे घड्याळाच्या उलट. थांबा, पाइप काढा आधी. त्या वर्मचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तुम्ही पाइप लावून तो आवळताय.

जुना_कारागीर: ताई, असं काही नसतं. सगळी हयात बुलेट उघडण्यात गेली माझी. नट सरळ आट्यांचाच.

मुक्ता_ठाणे: काका, तुम्ही डाव्या बाजूचा, आल्टरनेटरचा नट म्हणताय. तो सरळच आहे. हा उजवीकडचा आहे. कारण बघा. गाडीच्या उजवीकडे उभं राहिलं तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो. वर्म पंप ओढतो, त्यामुळे वर्मवर भार येतो उलट्या दिशेने. आटे सरळ असते तर पंपाने चालता चालता तो नट सैल केला असता. वर्म सुटला की पंप थांबला, पंप थांबला की बिग एंड (क्रँकवरचं रॉडचं बेअरिंग) गेला. आटे उलटे असल्यामुळे तोच भार त्याला आवळत राहतो. तेल-रॉकेलात काहीच चुकलेलं नाही, फक्त दिशा बदला.

जुना_कारागीर: पुस्तकी ज्ञान. करून बघा म्हणावं.

उद्यमनगरी: काका, ताई बरोबर आहेत. उलटाच हाय त्यो. मी गिअरच्या नादात इसरलो.

खडखड्या: उलटा असो की सुलटा, गॅस टॉर्च मारा, लाल करा, कुठलाही नट निघतो.

मुक्ता_ठाणे: लाल अजिबात करू नका! वर्मचे दाते कडक केलेले असतात, लाल झाले की मऊ पडतात, मग तो पंप फिरवताना झिजणार. शिवाय मागे बेअरिंग आहे, बाजूला अ‍ॅल्युमिनियमची केस. हीटगन पुरते. थुंकी टाकली की चर्र होईल एवढं.

निवांत_पाटील: थुंकीपेक्षा पाण्याचा थेंब टाकावा. बाकी जुन्या बुलेटचा ठोका नव्या गाड्यांना नाही हे सगळे मान्य करतील.

खडखड्या: येझदीचा ठोका ऐकलाय का कधी?

उद्यमनगरी: टू स्ट्रोकला ठोका? कसला ठोका, पॉपकॉर्न म्हण.

काळी_टाकी: निघाला. हीटगनने तापवल्यावर फार जोर लागलाच नाही, म्हणजे तापवणंच कमी पडत होतं. दिशा काय, मी दोन्हीकडे हलवून बघतच होतो. ठोकळ्यांची युक्ती मात्र कामाची निघाली, उद्यमनगरी धन्यवाद.

मुक्ता_ठाणे: बरं. वर्मच्या कडा आणि दाते नीट बघून घ्या. एवढा पाइप लावून आवळलाय तर क्रँकच्या टोकाचे आटेही बघा. नवीन वर्म महाग नाही, इंजिन आहे. आणि बांधून झाल्यावर पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा रॉकरच्या तेलनळीचा बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) थोडा सैल करून तेल येतंय ना ते बघा. आलं नाही तर लगेच बंद करा.

काळी_टाकी: ते नंतर बघू. आता मागचा पिनियन निघत नाहीये. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतोय.

जुना_कारागीर: अहो, केस अ‍ॅल्युमिनियमची आहे, खड्डा पडेल! पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) आणा.

मुक्ता_ठाणे: काका म्हणतात ते ऐका. आणि ओढायच्या आधी पिनियन आणि कॅमवरचे ठिपके जुळवून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

काळी_टाकी: पुलर साताऱ्यात कुणाकडे आहे का? उद्याच हवाय.

खडखड्या: माझ्याकडे आहे, पण येझदीचा.