लिंकनच्या सहीचं पत्र घेताना काय तपासावं?

प्रश्न: लिलावात १८६३चं, ‘ए. लिंकन’ अशी सही असलेलं एकपानी पत्र आलंय. घेण्याआधी काय पाहू?

शाईदौत: सही योग्यच. पत्रांवर तो असंच लिही, पूर्ण नाव नेमणूकपत्रांसारख्या सरकारी कागदांवर. आता दहापट भिंग लावा. टाकाने लिहिलेल्या जाड रेघेच्या कडांना निबेच्या दोन टोकांचे समांतर ओरखडे दिसतात, रेघा छेदतात तिथे शाई दाट होते. शिळाछापात (दगडावरून छापलेल्या नकलेत) रंग सपाट, एकसारखा. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो विसाव्या शतकातला, सोडून द्या. न चमकला म्हणून मात्र खरा ठरत नाही; जोसेफ कोझी बनावट लिंकन जुन्या कागदावरच लिहायचा.

जुनंपान: पाठीमागचा फोटो मागवाच. त्या काळची लोहयुक्त शाई बहुधा मागे तपकिरी उमटते.



कागदवेडा: घेतलंत तर पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लरहित फोल्डरमध्ये, ३५ ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. लॅमिनेशन, सेलोटेप कदापि नको! ही शाई आम्लयुक्त असते, दमट हवेत कागद खाते.