मिनी 2 च्या पात्याचा कपचा उडालाय, कोणते प्रोपेलर घेऊ?

हवेतला_गडी: डीजेआय मिनी 2 ड्रोनच्या पुढच्या डाव्या मोटरवरच्या एका पात्याचं टोक तुटलंय. ऑनलाइन 4726 आणि 6030, दोन्ही पाकिटांवर ‘मिनीसाठी’ लिहिलेलं दिसतं. मोठं पातं जास्त वजन उचलेल ना? आणि तुटलेलं तेवढं एकच बदललं तर चालेल?

पिचवाला: 4726 घ्या. पहिले दोन आकडे व्यासाचे, पुढचे दोन पिचचे: 4.7 इंच व्यास आणि 2.6 इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात पातं हवेत तत्त्वतः किती पुढे सरकेल ते अंतर. 6030 हे मिनी 3 आणि मिनी 3 प्रोचं. त्याचा व्यास 6 इंच, म्हणजे साधारण 33 मिमी जास्त.

‘मोठं म्हणजे जास्त ताकद’ हा हिशोब इथे लागू होत नाही. मोटर, ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) आणि फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन स्थिर ठेवणारा त्याचा मेंदू) यांचं ट्यूनिंग ठरावीक पात्यासाठीच केलेलं असतं. व्यास किंवा पिच वाढवला की मोटर जास्त करंट ओढते, तापते, शिवाय पातं बॉडीला घासायची भीती. आकडा जुळला तरी पाकिटावर मॉडेलचं नाव बघाच, कारण स्क्रूची जागा आणि हबची (पात्याच्या मुळाच्या भागाची) जाडी आकड्यात येत नाही.

स्क्रू_ढिला: एकच पातं बदलू नका. त्या मोटरवरची दोन्ही पाती आणि त्यांचे स्क्रू काढून टाका, नवी दोन्ही एकाच पाकिटातली लावा. वेगवेगळ्या पाकिटांतल्या पात्यांच्या वजनात किंचित फरक असतो आणि मग व्हिडिओत जेली दिसते, म्हणजे चित्र थरथरल्यासारखं लहरतं. बाकीच्या तीन मोटरची पाती चांगली असतील तर राहू द्या, पण प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवून बघा. मुळाशी पांढरट रेघ दिसली तर ती तड्याची सुरुवात समजा.

दिशा चुकते ती इथेच. खूण असलेली पाती खूण असलेल्या आर्मवरच (मोटर धरणाऱ्या दांड्यावर) जातात, बिनखुणेची उरलेल्या दोन आर्मवर. उलटी लागली तर ड्रोन उठतच नाही किंवा उठताना उलटतो. खात्री करायची तर पुढची डावी मोटर वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरते. पात्याची वर उचललेली कड फिरण्याच्या दिशेला पुढे असायला हवी.

हवेतला_गडी: कार्बन फायबरची पाती कशी? आणि स्क्रू निसटू नये म्हणून लॉकटाइट (स्क्रू पक्का करणारा गोंद) लावू का?

पिचवाला: कार्बन नको. पातं कडक असल्यामुळे धडकेत तुटण्याऐवजी धक्का थेट मोटरच्या शाफ्टला बसतो आणि बोटाला लागलं तर खोल कापतं.

लॉकटाइटही नको, ते काही प्लास्टिकला तडे पाडतं. पाकिटातले नवे स्क्रू आणि पाकिटातलाच स्क्रूड्रायव्हर वापरा. स्क्रू पूर्ण बसला की थांबा, फार आवळाल तर आटे मरतात. घट्ट केल्यावरही पातं स्क्रूभोवती बोटाने सहज दुमडता आलं पाहिजे.

पहिलं उड्डाण मोकळ्या जागी, वारा नसताना. डोक्याइतक्या उंचीवर मिनिटभर हॉवर करा (एकाच जागी तरंगत ठेवा), उतरवून बॅटरी काढा आणि चारही मोटरला बोट लावा. एकच जास्त गरम लागत असेल तर त्या मोटरची पाती आणि स्क्रू पुन्हा तपासा.