पुणे कॅम्पातला स्पाइक मिलिगन

“रेडिओवर विनोद करणाऱ्याला कसला आलाय ताण, कागद समोर धरून तर वाचायचं,” असं कुणीतरी म्हटलंय. पण तो कागद लिहितो कोण? बीबीसी रेडिओवरच्या ‘द गून शो’ या विनोदी कार्यक्रमाचे (१९५१ ते १९६०) दोनशेहून जास्त भाग झाले आणि त्यातलं बहुतेक लेखन स्पाइक मिलिगन या विनोदी लेखक-नटाचं. मधूनमधून लॅरी स्टीफन्स, एरिक साइक्स हे लेखक मदतीला असत. तरी हंगाम सुरू असताना दर आठवड्याला नवी संहिता हवी, शिवाय स्वतः माइकसमोर वेगवेगळे आवाज काढायचे! महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर तोफगोळ्याने जखमी झाल्यापासून त्याचं मन सावरलं नव्हतंच. त्यात हा रतीब. १९५२च्या अखेरीस तो पार कोसळला, रुग्णालयात ठेवावं लागलं. पुढे आयुष्यभर नैराश्याचे झटके येत राहिले. त्याबद्दल तो उघडपणे बोलायचा, हे मला त्याच्या विनोदाहून मोठं वाटतं. (विनोद मला निम्मेच कळतात, ते सोडा.)

आणि हा माणूस अगदीच परका नाही बरं का. जन्म १९१८चा, अहमदनगरचा. वडील ब्रिटिश लष्करात, म्हणून बालपणाचा बराच काळ आपल्या कॅम्पात गेला, सुरुवातीची शाळाही इथलीच. पण पुण्यात कुठल्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी मी तरी पाहिलेली नाही. एरवी आपल्याकडे पाट्यांना काय तोटा!