मदत हवी आहे: किक-ऑफला एकट्या रेफरीने नेमकं कुठे उभं राहावं?

फुटबॉलमधल्या अनुभवी रेफरींना विचारायचं आहे. चेंडू मध्यबिंदूवर स्थिर, प्रतिस्पर्धी ९.१५ मीटर लांब, किक मारणारा सोडून सगळे आपापल्या हाफमध्ये, इथवर ठीक. पण २०१६ पासून चेंडू थेट मागेही मारता येतो. मग विंगर (कडेने खेळणारे खेळाडू) शिट्टी वाजताच, चेंडू हलायच्या आत, मधली रेषा ओलांडतात. अशा वेळी किक-ऑफ पुन्हा घ्यायची असते. (इतर कुणाचा स्पर्श होण्याआधी मारणाऱ्यानेच दुसऱ्यांदा चेंडूला पाय लावला, तर मात्र प्रतिस्पर्ध्यांना इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल होत नाही अशी किक.)

लाइन्समन नसताना हे पकडायचं कसं? रेषेवर उभं राहिलं की पाठीमागचा विंगर सुटतो. मागे सरकलं की रेषा तिरकी दिसते आणि अंदाज चुकतो. तुम्ही कुठे उभे राहता? लहान मुलांच्या सामन्यात आधी नुसती तंबी देता, की लगेच किक पुन्हा घ्यायला लावता?